छपराचे पाणी, ओढ्याची वाट आणि सांगलीची काळी माती

पावसाळ्याच्या तोंडावर सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकात घेतली आहेत. बहुतेकांनी एकच विचारले आहे : खड्डा किती फुटी घ्यावा? त्याआधी बघायचे ते असे की खाली आहे काय. यवतेश्वरच्या उतारावरचा मुरूम आणि शामरावनगरातली काळी माती यांना एकच औषध चालत नाही.

प्रश्न : विलासपूर (सातारा) इथे आमची बारा फ्लॅटची इमारत आहे. गच्ची ३,००० चौरस फूट. ३०० फुटांचा बोअर मार्चमध्येच आटतो. प्लंबर म्हणतो, गच्चीचा पाइप सरळ बोअरमध्ये सोडू, एका दिवसाचे काम आहे. सोडावा का? – सोसायटीचे सचिव

सोडू नका. गच्चीवर वर्षभराची धूळ, कबुतरांची घाण आणि पाला साचलेला असतो. पाइप सरळ जोडला की पहिल्याच सरीत हे सगळे बोअरच्या तळाशी जाते. आपल्या भागातला खडक काळा पाषाण. त्यात पाणी धरतात त्या बारीक भेगा. त्यांत गाळ एकदा बसला की तो निघत नाही, म्हणजे पाणी वाढवायला गेलात आणि आहे तेही झरे बुजवलेत. शिवाय घाणीला जमिनीखाली उतरायला सरळ रस्ता मिळतो.

आधी हिशेब करा. ३,००० चौरस फूट म्हणजे २७९ चौरस मीटर. सातारा शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के उडून-सांडून गेला म्हटले, तर गच्चीवरून सव्वादोन लाख लिटर पाणी मिळते. बारा घरांत अठ्ठेचाळीस माणसे आणि माणशी रोज १३५ लिटर धरले, तर ते चौतीस दिवसांचे पाणी झाले. हा आकडा सभेत आधी सांगा, म्हणजे पुढच्या मार्चमध्ये कुणी तुम्हाला बोल लावणार नाही. मुरवलेले पाणी तुमच्या कुंपणाच्या आत थांबत नाही, हेही सांगा. थोडे शेजारच्या बोअरला मिळते, थोडे खालच्या ओढ्याला पाझरते. म्हणून हे काम एकट्या इमारतीपेक्षा गल्लीतल्या पाच-सहा इमारतींनी मिळून केले तर फरक दिसतो.

खड्ड्याआधी जमीन तपासा. जिथे खड्डा घ्यायचा तिथे चार फूट खोल उतरून तळाशी फूटभर लांब-रुंद आणि फूटभर खोल असा छोटा खळगा करा. तो पाण्याने भरा आणि जिरू द्या. पुन्हा भरा, जिरू द्या. तिसऱ्यांदा भरला की मोजपट्टी उभी करून तासभर बघा. पाणी इंचभर किंवा जास्त उतरले तर जागा चांगली. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरले तर तिथे खर्च करू नका. पहिल्या भरण्याचा आकडा धरायचा नाही, कोरडी माती सुरुवातीला कशीही पिते. चार-पाच फुटांवरच टणक पाषाण लागला तर दुसरी जागा शोधा किंवा फेल गेलेला जुना बोअर असेल तर तो वापरा.

आता मांडणी. गच्चीच्या प्रत्येक तोंडाला जाळी लावा आणि ७० ते १०० चौरस मीटरला एक ११० मिमीचा पाइप धरा. तुम्हाला तीन ते चार लागतील. खाली आल्यावर पाइपला टी (तीन तोंडी जोड) आणि झाकण किंवा व्हॉल्व्ह बसवा. पहिला पाऊस दहा-पंधरा मिनिटे बाहेर सोडायचा आणि मगच व्हॉल्व्ह फिरवायचा. तुमच्या गच्चीला पहिले दोन मिलिमीटर म्हणजे साडेपाचशे लिटर होतात, तेवढे तरी गेलेच पाहिजे. पावसाने चार-पाच दिवस उघडीप दिली की हेच पुन्हा. पुढे तीन फुटी चौकोनी गाळ-चेंबर आणि मग खड्डा.

खड्डा चालू बोअरपासून दहा फूट लांब घ्या, पायापासूनही तेवढाच लांब, आणि सेप्टिक टँकपासून निदान पन्नास फूट. पिण्याच्या बोअरच्या केसिंगला (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपला) भोके पाडून भोवती खड्डा भरण्याची पद्धत आहे, पण ती आम्ही फेल गेलेल्या बोअरपुरतीच सुचवतो. दोन मीटर लांब, दोन रुंद आणि अडीच खोल खड्डा पुरेल. भरायचे असे : तळाला दीड फूट तीन-चार इंची दगड, वर फूटभर ४० मिमी खडी, फूटभर २० मिमी खडी, त्यावर नायलॉनची जाळी आणि वर नऊ इंच जाड वाळू. हल्ली क्रश सँडच मिळते. तिच्यात दगडाची पीठभुकटी असते आणि ती न धुता टाकली तर पहिल्या महिन्यातच तिचा साका बसतो. घमेल्यात धुऊन निवळ पाणी निघेपर्यंत थांबा. विटांचे तुकडे टाकू नका, ते विरघळतात.

अशा खड्ड्यात थरांच्या पोकळीत आणि वरच्या रिकाम्या जागेत मिळून साडेसहा-सात हजार लिटर पाणी मावते. तासाला ४० मिमीच्या वेगाने पाऊस कोसळला तर गच्चीवरून मिनिटाला दीडशे लिटर येतात, म्हणजे खड्डा पाऊण तासात भरतो. म्हणून वर ११० मिमीचा ओव्हरफ्लो पाहिजेच. तो पावसाच्या गटारीत किंवा ओढ्याकडे काढा, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नको. चेंबर तुंबला की तीच घाण उलटून खड्ड्यात येते.

दरवर्षी मृग लागायच्या आत वरची दोन इंच वाळू खरवडून नवी टाका. आजच्या नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडावर नव्या बांधकामाला ही व्यवस्था सक्तीची आहे. भोगवटा प्रमाणपत्रापुरता केलेला खड्डा पुढे राडारोड्याने भरतो, तसा तुमचा होऊ नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे निरीक्षण विहिरींच्या पातळीच्या नोंदी असतात. तुमच्या भागाजवळची नोंद मागून घ्या.

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या कडेने डोंगरावरून येणारा ओढा आहे. वरच्या बाजूला नवे लेआउट होत आहेत. विकसक म्हणतात, ओढ्यात ९०० मिमीचा सिमेंट पाइप टाकू आणि वर बाग करू. बाग कुणाला नको? पण मनात शंका आहे. – गोडोली, सातारा

शंका रास्त आहे, आणि ती आकड्यांत मांडली तर ऐकली जाईल.

ओढ्याचे पाणलोट वीस हेक्टर आहे असे धरा. गवताळ, मुरमाड डोंगरावर पडलेल्या पावसातले तीस टक्क्यांच्या आसपास पाणी लगेच वाहून येते. तासाला ६० मिमीची सर आली तर ओढ्याला सेकंदाला एक घनमीटर पाणी येईल. आता त्याच डोंगरावर स्लॅब, फरशी, डांबर आले आणि प्रमाण सत्तर टक्क्यांवर गेले. सर तीच, पाणी सेकंदाला २.३ घनमीटर. शंभराला एक उतार असलेला ९०० मिमीचा पाइप काठोकाठ भरून वाहिला तरी साधारण १.८ घनमीटर नेतो. उरलेले पाणी बागेवरून तुमच्या पार्किंगमध्ये येणार. पाइप आज पुरतो असे दाखवणारा हिशेब बहुधा डोंगर मोकळा धरून केलेला असतो, म्हणून 'वरची सगळी वसाहत झाल्यावर किती पाणी?' हेच विचारा. पाणी डांबरावरून लवकर पोचते, त्यामुळे छोट्या पण जोरदार सरीही धोक्याच्या ठरतात, हे यात अजून धरलेलेच नाही.

आणि हा हिशेब रिकाम्या पाइपचा आहे. एक गोणपाट, दोन-चार फांद्या आणि प्लास्टिक वळणावर अडकले की निम्मा पाइप गेला. उघडा ओढा फावड्याने साफ होतो. बुजलेला पाइप कुठे बुजला तेच कळत नाही.

ओढ्याला किती पाणी येते ते तुम्ही स्वतः मोजू शकता. काठावरून वीस मीटरचा सरळ तुकडा निवडा आणि दोन्ही टोकांना खुणा करा. वरच्या खुणेपाशी एक सोललेला नारळ सोडा, तो वाऱ्याने भरकटत नाही. खालच्या खुणेपर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळावर बघा. समजा सोळा सेकंद, तर वेग सेकंदाला १.२५ मीटर. वरचे पाणी तळापेक्षा जोरात पळते, म्हणून त्याला ०.८ ने गुणा : १. रुंदी अडीच मीटर आणि खोली साठ सेंटीमीटर असेल तर सेकंदाला दीड घनमीटर पाणी जाते आहे. मोठ्या पुरात पाण्यात उतरू नका. ओसरल्यावर झुडपांत अडकलेल्या काडीकचऱ्याची उंची मोजा आणि तिथे दगडावर रंगाने तारीख लिहून ठेवा. अशा तीन वर्षांच्या खुणा मोठमोठ्या अर्जांपेक्षा जास्त बोलतात.

कागद बघा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा आणि गटाचा नकाशा काढा. ओढा नकाशावर असेल तर ती कुणाच्या प्लॉटची कड नसते. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी-नाले आणि त्यांची पात्रे शासनाची असतात. मागणी अशी करा : पात्र मूळ रुंदीचे राहील, तळ काँक्रीटचा होणार नाही, काठाला चुना-सिमेंट न भरलेले कोरडे दगडी पिचिंग (रचलेल्या दगडांचे अस्तर) होईल, आणि रस्ता ओलांडायचा तिथे पाइपऐवजी मोकळ्या गाळ्याची स्लॅबची मोरी होईल. सातारकरांना मंगळवार तळे, मोती तळे, फुटके तळे ही नावे नवी नाहीत. डोंगराचे पाणी गावात अडवून, मुरवून वापरणारे हे शहर आहे. त्याच्या उपनगरांनी ओढे पुरू नयेत. बाग काठावर करा, ओढ्याच्या डोक्यावर नको.

प्रश्न : शामरावनगर, सांगली. प्लॉटमध्ये दिवाळीपर्यंत पाणी हटत नाही. दहा फुटी शोषखड्डा घ्या असे सांगतात. उपयोग होईल?

नाही. उलट डासांचा हौद होईल.

काळी माती उन्हाळ्यात तडकते, तळहात उभा जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या दोन-तीन सरी त्या भेगांतून भराभर जातात, म्हणून उन्हाळ्यात केलेली चाचणी फसवते. एकदा माती फुगली की भेगा मिटतात आणि मग तासाला काही मिलिमीटरसुद्धा पाणी जिरत नाही. ऑगस्टमध्ये पहारीने किंवा हाताच्या गिरमिटाने सहा फूट भोक पाडा आणि दुसऱ्या दिवशी दोरी सोडून बघा. पाणी चार-पाच फुटांवर उभे असेल तर जमीन आधीच पोट भरून बसली आहे, तिला आणखी पाजता येत नाही.

तुमच्यासाठी दोन कामे : छपराचे पाणी जमिनीवर पडूच न देणे, आणि पडलेल्याला उतार देणे. हजार चौरस फुटांच्या छपरावर २५ मिमीच्या एका पावसाचे १,८०० लिटर होतात. सांगलीच्या साडेपाचशे-सहाशे मिमी पावसात वर्षाला चाळीस-पंचेचाळीस हजार लिटर. पाच हजार लिटरची टाकी जमिनीच्या वर, पक्क्या ओट्यावर ठेवा आणि ते पाणी धुण्याभांड्यांना रोज वापरा. टाकी पावसाच्या आधी रिकामी असेल तरच ती पाणी पोटात घेते. जमिनीखालची टाकी करायचीच असेल तर चारही बाजूंनी फूटभर मुरूम भरा, नाहीतर माती फुगताना भिंती दाबते. आणि पावसाळ्यात ती कधी पूर्ण रिकामी करू नका. भोवतीचे पाणी रिकाम्या टाकीला होडीसारखे वर उचलते, जोड तुटतात, पाइप उखडतात. निदान तिसरा हिस्सा भरलेला ठेवा.

भर घालताना सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर पाणी मारून दाबत चला. पण एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. प्रत्येकाने आपला प्लॉट उचलला की रस्त्याची नदी होते आणि जुन्या घरात राहणारा शेजारी बुडतो. कंपाउंडच्या आतून फूटभर रुंद चर ठेवा, शंभर फुटांना सहा इंच उतार द्या, आणि कंपाउंडच्या भिंतीत दर सहा फुटांवर चार इंची भोक ठेवा. वॉर्डात एकत्र मागणी करायची तर ही करा : रस्ता नवा करताना जुने डांबर खरवडून काढा. थरावर थर चढत गेले की घरे आपोआप खड्ड्यात जातात.

पुराची गोष्ट वेगळी. कृष्णा वाढली की नाल्याचे पाणी नदीत शिरत नाही, उलटे वस्तीत येते. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. घरापुरता उपाय म्हणजे ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरमध्ये, सार्वजनिक लाइनला मिळण्याआधी, ११० मिमीची एकमार्गी झडप. झडपेवर केस, चिंध्या अडकतात आणि ती अर्धी उघडी राहते, म्हणून मेमध्ये झाकण काढून हाताने हलवून बघा. झडप बंद असते तेव्हा तुमचे पाणीही बाहेर जात नाही, त्यामुळे त्या दिवसांत खालच्या मजल्याचा संडास वापरू नका.

प्रश्न : गुंठेवारीतला प्लॉट घेतोय. दलाल म्हणतो, निळी रेषा लांब आहे. खात्री कशी करू? – मिरज

निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये घर बांधायला बंदी आहे. निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. दलालाच्या मोबाइलमधला नकाशा धरू नका. गट नंबर घेऊन पाटबंधारे विभागाकडे पूररेषेच्या नकाशाची आणि महापालिकेच्या नगररचना विभागाकडे झोन दाखल्याची लेखी मागणी करा. गुंठेवारी २००१ च्या कायद्याने नियमित झाली असली तरी त्याने प्लॉटची उंची वाढत नाही. शेवटी प्लॉटच्या आसपासच्या तीन घरांत जाऊन विचारा की २०१९ ला पाणी भिंतीवर कुठपर्यंत होते. ती खूण आणि तुमचा जोता यांची पातळी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने लावून बघा.

प्रश्न : आमच्या डोंगरावर श्रमदानातून समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले) झाले होते. आता वर फार्महाऊसच्या प्लॉटिंगसाठी मातीचा रस्ता काढला आहे. पाणी चरात न येता रस्त्यानेच पळते आणि गाळ पाझर तलावात येतो. – सरपंच, जावळी तालुका

रस्ता हाच तुमच्या डोंगरावरचा नवा ओढा झाला आहे. चार मीटर रुंद, तीनशे मीटर लांब रस्त्यावर ३० मिमी पाऊस पडला तरी त्याचेच छत्तीस हजार लिटर होतात. शिवाय वरच्या अंगाचे पाणी तो वाटेत गोळा करतो.

तुमचे चर साठ सेंटीमीटर रुंद आणि तीस खोल असतील तर एका मीटरला १८० लिटर मावतात. हेक्टरी अडीचशे मीटर चर म्हणजे पंचेचाळीस हजार लिटर. हे पाणी सगळ्या हेक्टरवर पसरले तर साडेचार मिमी होते. चरांची ताकद एवढीच. ते जिरले की पुन्हा भरतात म्हणून उपयोगी. रस्त्याचा लोंढा एका जागी आला तर पहिलाच चर फुटतो आणि खालचे सगळे एका रांगेत फुटत जातात.

म्हणून पाणी रस्त्यावरून थोडे थोडे उतरवा. रस्त्याला आडवा, तीस अंश तिरका, वीतभर खोल चर आणि त्याच्या खालच्या बाजूला दाबलेला फूटभर उंचवटा, जीप सहज जाईल असा. शंभराला दहा उतार असेल तर दर पंचवीस मीटरला, पाच असेल तर दर चाळीस मीटरला. तोंडाशी डोक्याएवढे दगड रचा, मग पाणी चरात सोडा. चरांची माती खालच्या अंगाला, काठापासून फूटभर सोडून टाकलेली असावी. काठावर लावलेली माती पहिल्या पावसात चरात परत येते.

एका जागी मात्र चर नकोत : घरांसाठी किंवा रस्त्यासाठी उभा कापलेल्या कड्याच्या डोक्यावर. आपल्या डोंगरांत दोन पाषाणांच्या मध्ये लाल गेरूसारखा मातकट थर असतो. पाणी त्याच्यातून खाली जात नाही, त्याच्यावरून आडवे सरकते आणि कापलेल्या बाजूने बाहेर येते. तिथली माती भिजून जड झाली की सुटते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. कापलेल्या दरडीच्या वर पाणी मुरवायचे नसते, ते बाजूने वळवून बांधलेल्या वाटेने खाली न्यायचे असते.

प्रश्न : वाड्यातल्या विहिरीत पुराचे पाणी शिरले होते. पुन्हा वापरता येईल का? – गावभाग, सांगली

येईल, पण उपसायची घाई करू नका. भोवतीची माती पाण्याने भरलेली असताना विहीर एकदम रिकामी केली तर बाहेरच्या दाबाने बांधकाम आत कोसळते. नदी उतरल्यावर आठवडाभर थांबा आणि रोज तिसरा हिस्सा उपसा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, त्याचा धूर आत साचून माणूस गुदमरतो. गाळ काढायला कुणी उतरणार असेल तर दोरी बांधून, आणि वर दोघे असल्याशिवाय नाही.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पाणी किती ते असे काढा : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळे मीटरमध्ये, गुणिले ७८५. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर अठ्ठावीस हजार लिटर. पुरानंतरच्या पहिल्या खेपेला हजार लिटरला दीडशे ग्रॅम, म्हणजे सव्वाचार किलो ताजी पावडर. ती थोडी थोडी बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या आणि वरची निवळ विहिरीत ओता. बादली दोरीने खालीवर करून पाणी ढवळा. चोवीस तासांनी वास जाईपर्यंत उपसा. त्यानंतर नेहमीचे प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, तुमच्या विहिरीला सत्तर ग्रॅम. अर्ध्या तासाने ओ.टी. (पाण्यात क्लोरीन उरले का ते दाखवणारी) चाचणी करा. पाणी फिकट पिवळे झाले पाहिजे. रंग आलाच नाही तर पावडर जुनी आहे, उघड्या पोत्यातली पावडर लवकर मरते.

पिण्याआधी एचटूएसची (पाण्यातले जंतू दाखवणारी) बाटली भरून दोन दिवस ठेवा. ती काळी पडली तर सगळे पुन्हा करा. दुसऱ्यांदाही काळी पडली तर दोष पुराचा नाही. जवळचा एखादा चेंबर किंवा सेप्टिक टँक विहिरीत पाझरतो आहे, आधी तो शोधून दुरुस्त करा. तोवर ते पाणी फक्त धुण्याला आणि झाडांना वापरा.